पासिंगच्या आधीचा आठवडा

आमच्या छोटा हत्तीचं, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोचं, पासिंग मे महिन्यात येतं; पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 42 च्या आसपास घुटमळत असतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उभ्या गाडीच्या पत्र्याला दुपारी हात लावता येत नाही, आणि शाळा जूनच्या मध्याला उघडणार म्हणून गावातल्या स्कूलबस आणि व्हॅन त्याच दिवसांत फिटनेसच्या मागे लागलेल्या असतात. गॅरेजात जागा नसते. मिस्त्री फोन उचलत नाहीत. ड्रायव्हरकाका दर वर्षी म्हणतात, "ताई, दिवाळीनंतर आलं असतं तर बरं होतं की ओ." मला मात्र हा आठवडा आवडतो. वर्षभर ही गाडी आमच्यासाठी राबते आणि आम्ही तिच्यात फक्त डिझेल भरतो. या आठवड्यात तिच्या खाली वाकून कुणीतरी बॅटरी मारून बघतं.

आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. सूत आणायचं, तयार माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पोचवायचा, हे गाडीचं रोजचं काम. सणासुदीच्या आधी तुळजापूर, धाराशिवच्या दुकानदारांकडे थेट फेऱ्याही होतात. गाडीचे कागद पूर्वी वडील सांभाळायचे. त्यांच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली तशी ती निळी फाइल माझ्याकडे आली, आणि फाइलीबरोबर त्यांची एक सवयही आली. तारखेच्या बरंच आधी गाडी मिस्त्रीकडे न्यायची, आणि "पासिंगला आलीय" असं म्हणायचं नाही. "गाडी बघा" एवढंच म्हणायचं.

याचं कारण मला गॅरेजात बसल्यावर कळलं. पासिंगला आलीय म्हटलं की मिस्त्रीचा हात वेगळा चालतो. साहेबांना काय दिसेल ते तो आधी धरतो: रंग, नंबरप्लेट, रात्री चमकणारी रेडियमची पट्टी, फुटलेली इंडिकेटरची काच. "पासिंगपुरतं करून द्या" असं सांगणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे रोज येतात, आणि तो त्यांना तसं करून देतो. टायर दोन दिवसांसाठी मागून आणायचे, आग विझवायची बाटली शेजारच्या गाडीतली लावायची, परत आल्यावर ज्याचं त्याला. चांगली, कष्टाळू माणसंही हे करतात. हप्ता थकलेला असतो, टायरची जोडी परवडत नसते. त्यांची ओढाताण मला समजते. पण मागून आणलेला टायर परत गेल्यावर त्या गाडीसमोर जो येणार आहे, त्याला ही ओढाताण माहीत नसते.

पासिंग ही आरटीओनं काढलेली कटकट आहे असं पुष्कळांना वाटतं. मुळात ती मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 56 मधली अट आहे. धंद्यासाठी माणसं किंवा माल वाहणाऱ्या गाडीकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर कायदा तिची नोंदणीच वैध धरत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यापुढं दर वर्षी. घरच्या कारचं वेगळं. तिला पहिली 15 वर्षं कुणी विचारत नाही, मग नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी होते आणि ते पाच वर्षं चालतं. आमची शेजारीण म्हणते, "आमच्या गाडीला काही लागत नाही बाई, सुटलो." मला तसं वाटत नाही. 15 वर्षं एखाद्या गाडीचे ब्रेक कुणीही अधिकारानं बघू नयेत, हे मला पटत नाही. आमच्या छोटा हत्तीचं भरलेलं वजन 3000 किलोच्या आत आहे, म्हणून त्याला मालवाहतुकीच्या परवान्यातून सूट मिळते. फिटनेसमधून मिळत नाही, आणि मिळूही नये. वेळेवर थांबली नाही तर दीड टनाची गाडीही माणूस मारते.

अर्जाचं काम आता सोपं झालंय. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, ओटीपी घ्यायचा, फी भरायची, तारीख घ्यायची. विमा, पीयूसी आणि कर यांतलं काही संपलेलं नको. ज्यांच्या गाडीला अजून वडिलांचा किंवा जुन्या मालकाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे त्यांनी तो आधी बदलून घ्यावा, नाहीतर ओटीपी भलतीकडे जातो आणि घेतलेली सुट्टी वाया जाते. कागदांत मला सगळ्यांत आवडतं ते चेसिस प्रिंटचं काम. ड्रायव्हरकाका चेसिसवरचा नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसतात, त्यावर शिसपेन्सिल घासतात, वर चिकटपट्टी दाबतात आणि अलगद उचलून कागदावर चिकटवतात. लोखंडात ठोकलेला नंबर कागदावर उमटतो. संगणकावर सगळं असताना हे कशाला, असं एक पोरगं मागच्या वेळी रांगेत म्हणालं. काका म्हणाले, "कागद कुणाचाबी आणता येतोय. चेसिस गाडीचीच आणावी लागतीय."

आता गॅरेजचं. आमचे मिस्त्री पूर्व भागातले. पोरांशी तेलुगूत बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि गाडीशी दोन्हींत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा बॉनेटपासून सुरुवात करत नाहीत. आधी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसतात. गाडी बंद ठेवून ब्रेकचं पॅडल चार-पाच वेळा दाबतात, मग ते तसंच दाबून धरतात आणि सेल्फ मारतात. इंजिन चालू होताच पॅडल पायाखाली किंचित आत गेलं पाहिजे. गेलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक आहे. नाही गेलं तर ब्रेक लागतो, पण सगळा जोर ड्रायव्हरच्या मांडीतून लावावा लागतो. हे मी घरच्या कारवरही करून बघते. कुणालाही करता येतं, पैसे लागत नाहीत, हत्यार लागत नाही.

मग ते ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडतात. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं, जुनं काळपट होतं. "किती वर्षं झाली बदलून?" हा प्रश्न ते वडिलांनाही विचारायचे, आणि वडील फाइल काढायचे. ब्रेक ऑइल बदलायचं असतं, हेच पुष्कळांना माहीत नसतं. कमी झालं तर वरून भरतात आणि गाडी काढतात. पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेत राहतं. डॉट-3 लिहिलेल्या ताज्या ऑइलनं 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळायचं नसतं. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच हद्द 140 वर येते. गावात फिरताना हा फरक कधी जाणवत नाही.

तो जाणवतो तुळजापूरच्या घाटात. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर आहे आणि सोलापूर खाली सपाटीला. जाताना भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते, त्याचं सगळ्यांना भय वाटतं. खरं भय उतरताना आहे. परतीला माल नसतो हे कबूल, पण मोकळी गाडी हलकी वाटते आणि ड्रायव्हर तिला सोडतो. अमावास्या-पौर्णिमेला किंवा नवरात्रात खाली चालत निघालेली माणसं असतात, पुढं रिक्षा असतात, पाय ब्रेकवरून उठत नाही. लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तापतात, ती धग त्यांना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधल्या ऑइलपर्यंत पोचते. ओलं ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दाबानं आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ आकसते. पॅडल थेट खाली जातं आणि चाकाला त्याचा पत्ताच लागत नाही. पुढं जे व्हायचं ते होतं, आणि गाडी गार झाली की वाफेचं परत ऑइल होतं. मग कुणीतरी येऊन पॅडल दाबून बघतं आणि म्हणतं, ब्रेक तर लागतोय की.

अण्णांनी मला हे स्टुलावर बसवून, हातातल्या पान्यानं जमिनीवर रेघा मारत समजावलं होतं. त्या दिवसापासून ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख मी फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिते, विम्याच्याही वर.

मागची चाकं उतरवून ड्रम काढले की आतून काळी भुकटी सांडते. लायनर किती उरलाय, व्हील सिलिंडर ओला दिसतोय का, हातब्रेकची तार गंजलीय का. पुढच्या डिस्कचे पॅड. स्टिअरिंगच्या टाय रॉडचे एंड हातानं हलवून बघायचे. मागचे स्प्रिंगचे पाटे, त्यात एखादं पान तडकलंय का. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही, आणि ते मोजायला पट्टी लागत नाही; खाचेत कंपनीनंच बारीक उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आमच्याकडच्या उन्हात आणखी एक बघावं लागतं. नक्षी चांगली असते पण टायरच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. तसा टायर मे महिन्यात, भरल्या गाडीखाली, हैदराबाद रोडवर फुटतो.

रंगाला माझा विरोध नाही. गंजलेला पत्रा घासून रंगवला तर हौदा टिकतो, फाळक्याच्या बिजागऱ्या सुटत नाहीत. रेडियमच्या बाबतीत तर मी रेडियमवाल्याच्या मागेच उभी राहते. पुढं पांढरं, बाजूला पिवळं, मागं लाल, आणि लावण्याआधी पत्रा स्वच्छ पुसलेला. धुळीवर चिकटवलेलं रेडियम पहिल्या पावसात सुटतं. पण पैसे मोजके असतील तर आधी ब्रेक, मग टायर, मग दिवे, आणि उरलं तर रंग. आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागतो, कारण रंग सगळ्यांना दिसतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर निघावं लागतं. रांगेत रिक्षा, टमटम, पाण्याचे टँकर, पिवळ्या स्कूलबस. रिक्षावाले ओल्या फडक्यानं काचा पुसत असतात. एकमेकांचे इंडिकेटर बघून देतात, "डावा लागंना बघ तुझा." कुणाचा बल्ब गेलेला असेल तर दुसऱ्याच्या डिकीतून बल्ब निघतो. निरीक्षक चेसिस नंबर जुळवतात, डिपर, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हातब्रेक बघतात, कागद बघतात, आणि शेवटी गाडी ट्रॅकवर पळवून ब्रेक मारायला लावतात. त्या वेळी मी आपोआप गाडी एका बाजूला ओढतेय का ते बघते. सरळ थांबली की माझा जीव भांड्यात पडतो.

हा ट्रॅकही असाच आलेला नाही. पुण्यातल्या एका नागरिकानं वाहनांच्या फिटनेस तपासणीबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. गाड्या नीट न चालवताच प्रमाणपत्रं दिली जातात, हा त्यातला मुद्दा. न्यायालयानं 2016 मध्ये आरटीओंना ब्रेकच्या चाचणीसाठी 250 मीटरचे ट्रॅक करायला सांगितलं, आणि ट्रॅक नसेल तिथं फिटनेसचं काम थांबवण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा गाडीवाल्यांचे हाल झाले, लांबच्या जिल्ह्यांत गाड्या न्याव्या लागल्या, शिव्याशाप झाले. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याला स्वतःला त्यातून काही मिळायचं नव्हतं. ब्रेक बघायचा असेल तर गाडी पळवून थांबवावी लागते, एवढी साधी गोष्ट त्यानं कोर्टाच्या कागदावर आणली.

पुढचा टप्पा यंत्रांचा आहे. 2021 साली केंद्र सरकारनं स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले आणि टप्प्याटप्प्यानं व्यावसायिक गाड्यांना तिथं जाणं सक्तीचं होत चाललंय. तिथं गाडीची चाकं रोलरवर चढवतात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो हे यंत्र वेगळं सांगतं. डावं-उजवं कमीजास्त असेल तर तेही आकड्यात येतं. सस्पेन्शन, हेडलाइटचा रोख, धूर, स्टिअरिंगच्या सांध्यांतला ढिलेपणा, सगळं मोजून. गाडीवाल्यांमध्ये याची धास्ती आहे. जुनी गाडी यंत्र पास करणार नाही, फेऱ्या वाढतील, खर्च वाढेल, ही भीती खोटी नाही. तरी मला रोलर हवे आहेत. ट्रॅकवर गाडी थांबली एवढंच दिसतं. उजवं मागचं चाक निम्म्यानंच धरतंय, हे अण्णांना ड्रम उघडून कळतं आणि रोलरला ड्रम न उघडता. ज्याच्या गावात अण्णांसारखा मिस्त्री नाही, त्यानं काय करायचं?

उशिराच्या दंडाबद्दल मात्र मी गाडीवाल्यांच्या बाजूची आहे. फिटनेस संपल्यावर दिवसाला 50 रुपये, हा दर 2016 च्या अखेरीस आला. ट्रकमालकाला तो सोसेल. आजारपणात रिक्षा दारात उभी राहिलेल्या माणसाला तो गाडी पुन्हा रस्त्यावर आणूच देत नाही, किंवा मग फिटनेसशिवाय आणायला लावतो. 2024 मध्ये राज्यभर रिक्षावाले यावर रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारला स्थगिती द्यावी लागली. दंड वाढवून गाडी सुधारत नाही. त्या पैशात लायनर येतात.

2022 या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसं गेली, असं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. कारणांच्या रकान्यात सगळ्यांत वर असतो अतिवेग. ते खरंच आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पण मला एक शंका राहते. अपघातानंतर ड्रायव्हर कुठं होता, दारू प्यायला होता का, वेग किती होता, हे विचारलं जातं. ड्रम उघडून लायनर किती उरला होता, ऑइल कधी बदललं होतं, हे किती वेळा बघितलं जात असेल? जी गाडी 40 च्या वेगालाही वेळेत थांबली नसती, तिचा अपघात अतिवेगात मोडत असेल, आणि त्या गाडीचा धडा कुणालाच मिळत नसेल.

आमच्या जिल्ह्यात तर या सगळ्याच्या बाहेर उभी असलेली एक मोठी रांग आहे. राज्यात सगळ्यांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात. दिवाळी झाली की पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, माढ्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू होतात, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, रुंदीच्या बाहेर ऊस लोंबणारा. मागचा दिवा नसतो, असला तर उसाच्या वाड्याखाली झाकलेला. गळीत हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांच्या गेटवर रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, लाल कापडी फलक वाटतात, आणि हे काम करणाऱ्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण हंगाम मार्चपर्यंत चालतो आणि पहिल्या आठवड्यातलं रेडियम डिसेंबरात चिखलानं भरलेलं असतं. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. काट्यावर वजन घेतात तेवढ्याच वेळात मागं एक फडकं फिरवता येतं आणि दिवा लागतो का ते बघता येतं. दिवा नसेल तर ट्रॉली रिकामी करून घ्यावी, पण पुढची पावती दिवा लागल्यावरच द्यावी. ऊस तोडणारी माणसं, त्यांची पोरं याच ट्रॉल्यांवर बसून रात्री फडाकडे जातात. ज्यांच्यासाठी हा दिवा लागायला हवा त्यांत तीही आहेत.

राहिली शाळेची व्हॅन. माझी भाची या जूनपासून व्हॅननं शाळेत जाणार आहे. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे ते कुणालाही दिसतं, तसं वहिनीनं बघितलं; तारीख पुढची होती. तिला तेवढं पुरेसं वाटलं. मी व्हॅनवाल्या काकांना विचारलं, "काका, लायनर कधी बदलले?" मला वाटलं होतं त्यांना राग येईल. त्यांनी चटकन डॅशबोर्डाच्या कप्प्यातून स्पेअरपार्टच्या दुकानाचं बिल काढून पुढं धरलं. मागचे लायनर, दोन व्हील सिलिंडर, ब्रेक ऑइलची बाटली. "आजवर कुणी विचारलं नव्हतं बघा," ते म्हणाले, "बाकीच्या पालकांनाबी दाखवू का?" दाखवा म्हटलं. पुढच्या पालकसभेत मी तो विषय काढणार आहे, सगळ्याच व्हॅनचा.